लेकीचं वजन किती?

(तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



सकाळपासून आपण शिक्षण, रोजगार, कायदा अशा मोठ्या विषयांवर बोलतो आहोत. संयोजकांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "घरी लेकरू आजारी पडलं तर बापाने काय करायचं, यावर बोलतो." फोनवर थोडा वेळ शांतता होती. मग त्यांनी विचारलं, "हे महिलांच्या सत्रात घेऊ या का?" मी म्हणालो, "नको. मुलगे बसलेले असतील तिथेच बोलायचं आहे." म्हणून जेवणाआधीची ही वीस मिनिटं मला मिळाली आहेत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी डॉक्टर नाही. इंजिनिअरिंगची पदवी घेतलेला, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करणारा माणूस आहे. जे सांगणार आहे ते माझ्या लेकीच्या डॉक्टरांकडून शिकलो आणि नंतर वाचून पडताळून घेतलं. डॉक्टरकडे पोचेपर्यंत आणि तिथून घरी परतल्यावर जे करावं लागतं, तेवढ्यापुरतंच माझं बोलणं आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. रमज़ानचा महिना होता. सासूबाईंना अचानक दवाखान्यात दाखल केलं म्हणून माझी पत्नी बार्शीला गेली. लेक चौदा महिन्यांची. दोन दिवसांचाच प्रश्न होता आणि मी घरून काम करत होतो, म्हणून तिला माझ्याकडेच ठेवलं. मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो होतो, "तू निर्धास्त जा, मी बघतो."

पहिल्या दिवशी दुपारी तिला जुलाब सुरू झाले. अम्मीला फोन केला. अम्मी म्हणाली, "दात येत असतील, होतं असं." खाला म्हणाली, "नज़र लागली आहे, दम करून आण, आणि दूध बंद कर." संध्याकाळी उलट्याही सुरू झाल्या. इफ्तारनंतर मेडिकलमधून ओआरएसचं पाकीट आणलं. आता ऐका, इंजिनिअर माणसाने काय केलं. एवढीशी पोर, ती काय लिटरभर पाणी पिणार, असा विचार करून अख्खं पाकीट एका पेल्यात ढवळलं आणि तिला पाजायला बसलो. तिने दोन चमचे घेतले आणि थुंकून टाकले. मला वाटलं, हट्ट करते आहे.

सहरीच्या वेळेला ती निपचित पडली होती. रडत होती, पण डोळ्यांत पाणी नव्हतं. मी घाबरून तिला उचललं आणि रिक्षा करून दवाखान्यात पळालो. ड्यूटीवरच्या डॉक्टर बाईंनी तिला तपासता तपासता मला प्रश्न विचारले. वजन किती? शेवटची लघवी कधी केली? सकाळपासून किती वेळा जुलाब झाले? ताप होता का, औषध कोणतं दिलं, किती दिलं? मला एकाही प्रश्नाचं नीट उत्तर देता आलं नाही. लेकीचं वजन विचारलं तर मी म्हणालो, "मिसेसला विचारून सांगतो." त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही वडील ना?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. पण मला फार लागलं. माझ्या कंपनीचा सर्व्हर कोणत्या मिनिटाला किती बोजा पेलतो हे मी झोपेतून उठूनही सांगू शकतो. आणि माझ्या मांडीवरच्या मुलीचं वजन मला माहीत नव्हतं.

पेल्यातल्या पाकिटाची गोष्ट सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "थुंकली हे बरं केलं तिने." एका लिटरचं पाकीट 200 मिलिलिटरमध्ये घातलं म्हणजे मीठ पाचपट झालं. एवढं खारट पाणी लहान मुलाच्या पोटात गेलं तर रक्तातलं मीठ वाढतं, झटकेसुद्धा येऊ शकतात. म्हणजे त्या रात्री माझ्या पोरीने माझ्यापेक्षा जास्त अक्कल दाखवली. चार-पाच तास तिथे बसून, चमच्या-चमच्याने नीट केलेलं ओआरएस पाजून ती सावरली. सलाइन लावायची वेळ आली नाही. अल्लाहची मेहेरबानी आणि त्या डॉक्टर बाईंचे उपकार.

घरी आल्यावर मी वाचायला लागलो, आणि कळलं की या साध्या पाकिटाची गोष्ट आपल्याच भागातली आहे. 1971 साली पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. सीमेजवळ बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ते पिंपांत भरलं आणि पेशंटना पाजायला दिलं. पाजणार कोण? तेवढ्या नर्स नव्हत्या. आई, बाप, भाऊ, जो नातेवाईक जवळ असेल त्याच्या हातात पेला दिला. त्यांच्या अहवालाप्रमाणे मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास होतं, ते 4 टक्क्यांच्या खाली आलं. 2022 मध्ये ते वारले, आणि 2023 मध्ये सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिलं. मला यातली एकच गोष्ट लक्षात ठेवावीशी वाटते. त्या छावणीत हे औषध घरच्या माणसाच्या हातून दिलं गेलं.

ते चालतं कसं, हेही सांगतो, कारण कारण कळलं की माणूस चूक कमी करतो. जुलाबात आतड्यातून पाणी आणि मीठ वाहून जातं. नुसतं पाणी पाजलं तर आतडं ते पुरेसं शोषत नाही. पण ग्लुकोज आणि मिठातलं सोडियम योग्य प्रमाणात सोबत असलं की ते दोघं एकाच दारातून आत जातात आणि पाणी त्यांच्यामागे जातं. जुलाब चालू असतानाही हे दार उघडं असतं. साखर जास्त झाली तर उलटं होतं, पाणी आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. म्हणून कोल्ड्रिंक, पाकिटातला फळांचा रस, एनर्जी ड्रिंक हे जुलाबावरचं औषध नाही. अशा गोड पेयांच्या खोक्यांवरही 'ओआरएस' छापलेलं असायचं. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी त्याविरुद्ध अनेक वर्षं पाठपुरावा केला आणि ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआयने अशा पेयांवर हा शब्द वापरायला मनाई केली. तरीही घेताना पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते पाहा. त्या सूत्रात लिटरला 13.5 ग्रॅम ग्लुकोज आणि 2.6 ग्रॅम मीठ असतं.

आता करायचं काय ते क्रमाने सांगतो.

पाकीट किती पाण्याचं आहे ते आधी वाचा. मोठं पाकीट एका लिटरचं असतं, छोटं 200 मिलिलिटरचं. एक लिटरची बाटली मोजून घ्या, अंदाजाने तांब्या नको. उकळून गार केलेलं किंवा पिण्याचं स्वच्छ पाणी घ्या. पाकीट अर्धं वापरून अर्धं ठेवायचं नाही. केलेलं पाणी 24 तासांनंतर फेकून द्या. रात्री पाकीट मिळालंच नाही तर एक लिटर पाण्यात साखरेचे सहा सपाट छोटे चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट छोटा चमचा. सपाट म्हणजे सपाट, शीग नको.

दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर 50 ते 100 मिलिलिटर द्यायचं, त्याहून मोठ्याला 100 ते 200. बाटलीने गटागट पाजू नका, चमच्याने द्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि मग आणखी सावकाश, दोन-तीन मिनिटांना एक चमचा. हे काम कंटाळवाणं आहे. रात्री दोन वाजता दर दोन मिनिटांनी चमचा भरताना माणसाची परीक्षा होते. पण जीव वाचवणारं काम बहुतेक वेळा असंच दिसतं.

आईचं दूध बंद करायचं नाही. खालाचा हेतू चांगला होता, पण सल्ला चुकीचा होता. मोठ्या मुलाला पेज, मऊ खिचडी, दहीभात, केळं, जे खाईल ते थोडं थोडं द्या. उपाशी ठेवल्याने जुलाब थांबत नाहीत, मूल खंगतं. ओआरएसबरोबर झिंकच्या गोळ्याही असतात. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज 20 मिलिग्रॅम, चौदा दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदा दिवस पूर्ण करायचे, कारण आतडं भरून यायला आणि पुढचा आजार टळायला त्याची मदत होते. या दोन्ही गोष्टी सरकारी आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडे मोफत मिळतात. मोठ्यांची जुलाब बंद करण्याची गोळी लहान मुलाला देऊ नका. मेडिकलवाल्याकडून परस्पर अँटिबायोटिकही घेऊ नका.

दुसरी गोष्ट तापाच्या औषधाची. पॅरासिटामॉलचा डोस वयावर नाही, वजनावर ठरतो. दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन डोसमध्ये किमान चार ते सहा तासांचं अंतर, आणि दिवसात चारपेक्षा जास्त डोस नाहीत. माझी लेक तेव्हा जेमतेम नऊ किलोची होती, म्हणजे एका वेळी 90 ते 135 मिलिग्रॅम. आता गंमत बघा. एका बाटलीत 5 मिलिलिटरला 120 मिलिग्रॅम असतं. दुसऱ्या बाटलीत तेवढ्याच औषधात 250. आणि ड्रॉप्समध्ये एका मिलिलिटरलाच 100 मिलिग्रॅम. घरात तिन्ही बाटल्या शेजारी असतात आणि आपण म्हणतो, "चमचाभर दे." तो चमचा ड्रॉप्सच्या बाटलीतला निघाला तर 500 मिलिग्रॅम गेलं, तिला चालणाऱ्या डोसच्या जवळजवळ चौपट. आमच्या धंद्यात एककांचा घोळ झाला की प्रोग्रॅम कोसळतो. इथे लिव्हर आहे. म्हणून बाटलीसोबत येणारं मापाचं झाकण किंवा सिरिंजच वापरा. सर्दीच्या मिश्र औषधांतही बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतं, तेव्हा लेबल वाचल्याशिवाय दोन बाटल्या एकत्र देऊ नका. मुलांना ॲस्पिरिन देऊ नका. आणि तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला तर घरी काहीही न करता थेट डॉक्टरकडे.

तिसरी गोष्ट श्वास मोजणं. मूल शांत असताना पोटाकडे पाहत पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांखाली 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षं 40 किंवा जास्त, किंवा श्वास घेताना छाती खाली खोल ओढली जात असेल, तर ते न्यूमोनियाचं लक्षण असू शकतं. रात्र असली तरी निघायचं.

जुलाबात कधी निघायचं? मूल पिऊ शकत नाही किंवा प्यायलेलं सगळं उलटून पडतं. सुस्त आहे, हाक मारली तरी नीट जागं होत नाही. डोळे खोल गेले आहेत. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू खाली बसते. सहा तास लघवी नाही. शौचात रक्त आहे. यातलं एकही दिसलं तर वाट पाहायची नाही. आपल्याकडे 108 ला फोन केला की ॲम्ब्युलन्स येते. तापात झटका आला तर मुलाला कुशीवर झोपवा, घड्याळ बघा, तोंडात चमचा, पाणी, बोट काही घालू नका. कांदा आणि चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. झटका थांबला तरी डॉक्टरला दाखवायचंच, आणि पाच मिनिटांवर गेला तर ताबडतोब.

मित्रांनो, दम आणि दुवा याबद्दल मला विचारलं जाईल, म्हणून आधीच सांगतो. माझी अम्मी आजही नातीवर दम करते आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. तिची माया त्यातून व्यक्त होते. माझं म्हणणं एवढंच की चमचा हातात असताना दुवा करा. चमचा खाली ठेवून दुवा करू नका. लसीचंही तसंच आहे. जुलाबाच्या एका मोठ्या कारणावर, रोटाव्हायरसवर, सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना तोंडाने लस मिळते, सरकारी केंद्रात मोफत. 2022 च्या शेवटी मुंबईत गोवंडी भागात गोवर पसरला तेव्हा लस न घेतलेली किंवा डोस अर्धवट राहिलेली मुलं मोठ्या संख्येने आजारी पडली. तिथल्या वस्त्या आपल्या ओळखीच्या आहेत. कार्ड उघडून तारखा बघणं बापालाही जमतं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. हे सगळं मला पदवी मिळाली त्या वर्षीही कळलं असतं. अवघड काहीच नव्हतं. मी विचारलंच नाही, कारण मला ते माझं काम वाटत नव्हतं. त्या सकाळी दवाखान्यातून मी मॅनेजरला मेसेज केला, "माझी तब्येत बरी नाही, आज सुट्टी हवी." लेक आजारी आहे असं लिहायला मला लाज वाटली. बायको घरी नाही का, असं कोणी विचारेल म्हणून. लेकीसाठी जागलेल्या रात्रीबद्दल मी खोटं बोललो. याची मला आजही बोच आहे.

बांगलादेशात 1980 ते 1990 या काळात ब्रॅक नावाच्या संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघर गेल्या. चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी कसं मिसळायचं हे त्यांनी आयांना शिकवलं. जवळपास सव्वा कोटी घरं त्यांनी गाठली. कार्यकर्तीचा पगार ठरायचा तो शिकवलेल्या आईला किती लक्षात राहिलं यावरून. पण सुरुवातीला एक अडचण आली. आयांना येत होतं, तरी प्रत्यक्ष जुलाब झाले की बऱ्याच घरांत ते वापरलं जात नव्हतं. घरातल्या पुरुषांना कोणी विचारात घेतलंच नव्हतं. मग गावच्या बाजारात, शाळेत, मशिदीत पुरुषांच्या बैठका घेतल्या गेल्या आणि वापर वाढला. घरातल्या निर्णयावर पुरुषाचा हात असेल आणि घरातल्या ज्ञानात तो नसेल, तर लेकराचं नुकसान होतं, हे मला त्यातून कळलं.

आपल्याकडचा कायदाही बापाला फारसं मोजत नाही. 2017 च्या दुरुस्तीने आईला 26 आठवड्यांची प्रसूती रजा मिळाली, 50 किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय आली. बापासाठी केंद्र सरकारी नोकरीत 15 दिवस आहेत. खासगी नोकरीत कंपनी देईल तेवढं. ही मागणी आपण नागरिक म्हणून जरूर करू. पण कायदा येईपर्यंत आपल्याला थांबायचं कारण नाही. चमचा भरायला कोणाची परवानगी लागत नाही.

माझ्या मैत्रिणींनाही एक विनंती. तुम्हाला सगळं येतं, म्हणून नवऱ्याला, भावाला बाजूला सारू नका. तो पहिल्यांदा गोंधळेल, सांडेल. सांडू द्या. पुसायलाही त्यालाच सांगा.

गेल्या महिन्यात लेकीला पुन्हा ताप आणि जुलाब झाले. आता ती चार वर्षांची आहे. पत्नी दुसऱ्या दिवशी कामावर जाणार होती, ती झोपली. मी वही घेऊन बसलो. वेळ, ताप, औषध, मिलिलिटर, लघवी, जुलाब, असे रकाने आखले होते. पहाटे तीनला लेकीने विचारलं, "अब्बा, काय लिहिताय?" मी म्हणालो, "तू किती पाणी प्यायलीस ते." ती म्हणाली, "मग लिहा, अजून एक चमचा." सकाळी डॉक्टरांकडे गेलो तेव्हा वही त्यांच्यासमोर ठेवली. या वेळी मला कोणाला फोन करावा लागला नाही.

जाताना एक काम देतो. तुमच्यापैकी ज्यांच्या घरात लहान मूल आहे, मग ते तुमचं असो, भावाचं असो की बहिणीचं, त्यांनी आज रात्री पाच गोष्टी फोनमध्ये लिहून ठेवाव्यात. मुलाचं वजन. घरातल्या तापाच्या औषधाची ताकद. राहिलेली लस. जवळच्या बालरोगतज्ज्ञांचा नंबर. आणि ओआरएसची दोन पाकिटं नेमकी कोणत्या डब्यात आहेत. पाकिटं नसतील तर घरी जाताना घेऊन जा. आणि आईला फोन करून विचारू नका, मुलाला स्वतः उचलून काट्यावर ठेवा.